साधु सुंदरसिंग व बर्फाची वाट

सोलापूर जिल्ह्यांतील एखाद्या खेड्यांत साधु सुंदरसिंगांची गोष्ट सांगावयास बसलें, म्हणजे सांगणाराला आरंभींच एक अडचण येते. ऐकणाऱ्या मंडळींनीं बर्फ पाहिलेला असतो तो बाजारांतील सरबतवाल्याच्या गाडीवरचा, नाहीं तर वळवाच्या पावसांतील गारांचा. गारा घटकाभरांत विरघळतात, आणि सरबताचा बर्फ पेल्यांतच संपतो. ज्या मुलुखांत वैशाखांत काळी जमीन उलून हातहात भेगा पडतात व माणसें पाण्यासाठीं आभाळाकडे डोळे लावून बसतात, तेथील माणसाला पाणीच गोठून डोंगरावर साठतें व एके दिवशीं कोसळून माणसांसकट वाट गाडून टाकतें असें सांगितलें, तर त्याला ती अतिशयोक्ति वाटावी यांत नवल नाहीं. म्हणूनच साधूंच्या चरित्राचा शेवट आपल्याकडे नेहमीं घाईनें सांगितला जातो. ते १९२९ सालीं तिबेटाकडे निघाले आणि परत आले नाहींत, एवढें सर्वांस ठाऊक असतें. मग कोणी सांगतो कीं लामांनीं त्यांस मारिलें; कोणी सांगतो कीं ते गुप्तपणें एखाद्या गुहेंत जाऊन राहिले. ज्या वाटेनें ते निघाले त्या वाटेवर त्या महिन्यांत काय पडलेलें असतें, याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाहीं. तो करावा, आणि त्याबरोबर त्यांचें चरित्रही वाचकांपुढें ठेवावें, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

सुंदरसिंगांचा जन्म ३ सप्टेंबर १८८९ रोजीं पंजाबांतील रामपूर गांवीं झाला. हें गांव तेव्हां पतियाळा संस्थानांत होतें; आतां तें लुधियाना जिल्ह्यांत मोडतें. वडील शेरसिंग हे शीख जमीनदार. घरीं कशाची वाण नव्हती. आई मोठी धर्मशील होती, आणि आपल्या धाकट्या मुलानें साधु व्हावें अशी तिची मनापासून इच्छा होती. लहानपणींच त्यांस गीता मुखोद्गत झाली होती. मुलगा सुमारें चौदा वर्षांचा असतां ही आई वारली, आणि तिच्या मागें त्यांचें चित्त ठिकाणावर राहिलें नाहीं. गांवांत अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनची शाळा होती. तेथें शुभवर्तमान वाचावें लागे, याचा त्यांस इतका संताप येई कीं १६ डिसेंबर १९०४ रोजीं त्यांनीं तें पुस्तक अंगणांत सर्वांदेखत जाळलें. तिसऱ्या दिवशीं पहाटे, देवाकडून उत्तर न मिळाल्यास लुधियान्याकडे जाणाऱ्या गाडीखालीं जीव द्यावयाचा असा निश्चय करून ते प्रार्थनेस बसले, आणि त्याच पहाटे आपल्याला ख्रिस्ताचें दर्शन झालें असें ते जन्मभर सांगत आले. घरच्यांनीं त्यांस समजावलें, धाक घातला, शेवटीं घराबाहेर काढलें. निघतांना दिलेल्या अन्नांत विष होतें व रोपड येथें ते मरतां मरतां वाचले, असेंही त्यांनीं सांगितलें आहे.

सोळावा वाढदिवस आला त्याच दिवशीं, म्हणजे ३ सप्टेंबर १९०५ रोजीं, सिमल्याच्या सेंट थॉमस देवळांत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढें महिन्याभरांतच त्यांनीं भगवीं वस्त्रें धारण केलीं. ख्रिस्ती मनुष्यानें भगवीं नेसावीं हें त्या काळीं पुष्कळ मिशनरी साहेबांस रुचलें नाहीं, आणि पुष्कळ हिंदी ख्रिस्ती लोकांस तर मुळींच रुचलें नाहीं. साधूंनीं कोणाशीं वाद घातला नाहीं. अंगावर एक कांबळें, हातांत नवा करार, पायांत कांहीं नाहीं, अशा वेषांत ते पंजाबांत, काश्मिरांत व अफगाण सरहद्दीपर्यंत फिरले. अनवाणी पाय कांट्याखड्यांनीं रक्तबंबाळ होत. थंड प्रदेशांतही त्यांनीं जोडा घातला नाहीं. बर्फाची वाट तुडविण्यास याहून वाईट तयारी कोणती असूं शकेल हें सांगणें कठीण आहे. परंतु तो त्यांचा नेम होता.

सिमल्याच्या पुढें कोटगड नांवाचें गांव आहे. तेथें सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकन तरुणाशीं साधूंची ओळख झाली. (हेच स्टोक्स पुढें हिंदी नागरिकांसारखे राहिले, आणि त्या डोंगरांत सफरचंदाची लागवड वाढविणारे म्हणून प्रसिद्धीस आले.) दोघांनीं कांहीं काळ बरोबर काम केलें, सबाथूच्या महारोग्यांची सेवा केली, लाहोरास प्लेगच्या रोग्यांची केली. कोटगडावरून एक सडक सतलज नदीच्या कांठानें तिबेटच्या सरहद्दीकडे जाते. लॉर्ड डलहौसीच्या अमदानींत, १८५० सालीं, तिचें काम सुरू झालें, आणि तिला हिंदुस्थान-तिबेट रस्ता असेंच नांव पडलें. याच सडकेनें सुंदरसिंग १९०८ सालीं, एकोणीस वर्षांचे असतांना, पहिल्यानें तिबेटांत गेले. वाटेवर पू नांवाच्या गांवीं मोरेव्हियन मिशनचें ठाणें होतें. तेथल्या मंडळींनीं त्यांस आसरा दिला व सोबतीस माणूस दिला. तेव्हांपासून त्यांचा वर्षाचा क्रम बहुधा असा ठरून गेला: थंडींत मैदानांतील गांवें, आणि उन्हाळा लागला कीं हिमालय ओलांडून तिबेट. या क्रमांत केवळ सोय नव्हती. बर्फ जसा मार्ग देईल तसें चालावयाचें, हा त्या डोंगरांतला कायदाच आहे.

हा कायदा समजण्यासाठीं बर्फ कसा साठतो हें पाहिलें पाहिजे. आभाळांतून पडतांना बर्फ अगदीं हलका असतो. सोलापूरच्या जुन्या गिरण्यांत उडणारें कापसाचें तूस ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस त्याची कल्पना येईल. पण तो पडतो थरांवर थर. कार्तिक-मार्गशीर्षांत पहिला थर पडतो, तो पातळ असतो. त्यानंतर बरेच दिवस आभाळ निरभ्र राहून कडाक्याची थंडी पडते. जमिनींत थोडी ऊब शिल्लक असते, वरची हवा मात्र गोठलेली. त्यामुळें खालची वाफ थरांतून वर चढूं लागते, आणि पहिल्या बर्फाचे मऊ कण हळूहळू मोठे, कंगोरेदार, दाणेदार साखरेसारखे होतात. हातांत घेऊन दाबले तर त्यांचा गोळा बनत नाहीं. ते बोटांतून गळून जातात. पौष-माघांत पश्चिमेकडून वादळें येतात व दोन-तीन दिवसांत कमरेइतका बर्फ टाकून जातात. वारा तो बर्फ उतारावर नेऊन दाबतो आणि त्याची घट्ट लादी बनवितो. वरून पाहणाराला सर्व कसें भक्कम दिसतें. खालीं मात्र साखर पसरलेली असते.

आपल्याकडे धुळीनें भरलेली भिंत न झाडतां तिच्यावर मातीचा नवा जाड गिलावा दिला, तर काय होतें तें घरोघरच्या बायांस ठाऊक आहे. गिलावा चार दिवस छान दिसतो, आणि एके दिवशीं हाताचा धक्का लागतांच हातभर रुंदीचा पोपडा एकदम सुटून खालीं येतो. डोंगरावरचा हिमलोट बहुतेक वेळां असाच सुटतो. वाटसरूचें पाऊल त्या लादीवर पडतें, खालचा दाणेदार थर दबतो, एक तडा डोळ्यांदेखत शेंदोनशें हात धांवत जातो, आणि अख्खी लादी मोडून खालीं निघते. सुका बर्फ असेल तर त्याचा वेग आगगाडीलाही मागें टाकतो.

उताराचेंही तसेंच आहे. मंगळवेढ्याकडच्या खळ्यांत ज्वारीची रास घालतांना माप वर ओततच गेलें, तर रास कांहीं वेळ उंच होत जाते. मग एका ठराविक चढणीनंतर कड घसरूं लागते व दाणे आपोआप खालीं येतात. बर्फाला घसरावयास बहुधा ३० ते ४५ अंशांचा उतार लागतो. याहून उभ्या कड्यावर तो साठतच नाहीं, थोडा थोडा करून गळत राहतो; याहून सपाट जागीं तो सहसा सुटत नाहीं. पण सपाट जागा सुरक्षित असें मात्र समजूं नये. कारण वरचा उतार सुटला, तर लोट खालच्या मैदानावर, नदीवर आणि वाटेवर येऊन पडतो.

चैत्र-वैशाखांत ही गोष्ट पालटते. तेव्हां नवा बर्फ कमी, पण उन्ह कडक. दुपारच्या उन्हानें वरचा बर्फ वितळून त्याचें पाणी थरांत मुरतें, थरांना धरून ठेवणारी पकड सुटते, आणि भिजलेला, जड, चिखलासारखा बर्फ ओहोळांतून खालीं सरकूं लागतो. हा लोट सुक्या बर्फाच्या मानानें हळू येतो, पण त्याचें वजन भयंकर असतें. रात्रीं तोच बर्फ गोठून दगड होतो. म्हणून डोंगरी लोक वसंतांत मध्यरात्रीं किंवा पहाटे निघतात, आणि उन्ह वर येण्यापूर्वीं धोक्याची जागा ओलांडून मुक्कामाला पोंचतात. कोणत्या घळींतून दरवर्षीं लोट येतो हें त्यांस बापजाद्यांपासून ठाऊक असतें. अशी घळ ओलांडतांना सर्वांनीं मिळून जावयाचें नाहीं, एकामागून एकानें, अंतर ठेवून जावयाचें. म्हणजे गेला तर एक जातो, आणि बाकीचे त्याला उकरावयास राहतात. मोठ्यानें बोललें तर बर्फ कोसळतो असाही समज पुष्कळ ठिकाणीं आहे. शोधाअंतीं असें दिसून आलें आहे कीं, माणसाच्या आवाजानें लोट सुटत नाहीं; सुटतो तो त्याच्या वजनानें, नव्या बर्फाच्या भारानें किंवा उन्हानें. पण त्या समजानें माणसें गप्प राहून सावध चालत असतील, तर त्यांत त्यांचें नुकसान झालें नाहीं.

युरोपांत आल्प्सच्या लोकांनीं हें दुःख फार सोसलें. स्वित्झर्लंडांतील आंडरमाट गांवानें १३९७ सालींच असा ठराव केला होता कीं गांवाच्या माथ्यावरील रानांतलें झाड कोणी तोडूं नये. कारण तें रान होतें म्हणून बर्फ उतारावर अडून राही. त्याच देशांत १९३६ सालीं डाव्होसच्या वरील डोंगरावर शास्त्रज्ञांनीं बर्फांत खड्डे खणून थर मोजण्यास आरंभ केला, आणि १९४५ च्या डिसेंबरापासून लोकांस हिमलोटाच्या धोक्याची सूचना देणारें पत्रक निघूं लागलें. आपल्या देशांत मनाली येथें या कामासाठीं १९६९ सालीं संस्था निघाली. सुंदरसिंग ज्या वर्षांत हिमालयांत फिरत होते, त्या वर्षांत यांपैकीं कांहींच नव्हतें. वाटाड्याचें शहाणपण आणि आपले डोळे, एवढ्यावरच भिस्त होती.

या वाटांवर त्यांस काय काय घडलें, याच्या पुष्कळ कथा त्यांनीं स्वतः सांगितल्या आहेत. त्यांतील एक तर आपल्या प्रत्येक रविवारच्या शाळेंत सांगितली जाते. साधु आणि एक तिबेटी मनुष्य बर्फाच्या वादळांत घाट ओलांडीत होते. दोघेही थंडीनें अर्धमेले झालेले. वाटेच्या खालीं उतारावर एक माणूस पडलेला दिसला. तिबेटी सोबत्यानें त्याला हात लावण्याचें नाकारलें, आणि स्वतःचा जीव घेऊन तो पुढें गेला. साधूंनीं खालीं उतरून त्या माणसाला पाठीवर घेतलें. ओझ्यानें त्यांस घाम फुटला. त्यांच्या अंगाची ऊब त्या माणसाला लागली आणि त्याची त्यांस लागली. पुढें गेल्यावर तो सोबती वाटेवर गारठून मेलेला आढळला, आणि हे दोघे मात्र गांवीं जिवंत पोंचले. ही गोष्ट पाहणारा दुसरा साक्षी नाहीं हें खरें. पण तींत अशक्य असें कांहीं नाहीं. थंडींत हातपाय हलविणाराचें रक्त गरम राहतें, आणि दमून थांबणाराला झोंप येऊन ती झोंप शेवटची ठरते, हें डोंगरांतला प्रत्येक माणूस जाणतो. एवढें मात्र येथें म्हटलें पाहिजे कीं, जखमी मनुष्यासाठीं उतारावर उतरणें म्हणजे त्याच धोक्याच्या लादीवर पाय ठेवणें होय. साधूंच्या धैर्याचें खरें माप, आमच्या मतें, ओझ्यांत नसून त्या उतारावर टाकलेल्या पहिल्या पावलांत आहे. रविवारच्या शाळेंत हा भाग सांगितला जात नाहीं.

त्यांच्या सर्वच कथा अशा पचण्याजोग्या नाहींत. रासर नांवाच्या गांवीं आपल्याला प्रेतांनीं भरलेल्या कोरड्या विहिरींत टाकलें होतें असें ते सांगत. तें गांव नकाशावर कोणास दाखवितां आलें नाहीं. कैलासाच्या बाजूस शेंकडों वर्षें वयाचा एक ख्रिस्ती महर्षि भेटल्याचें त्यांनीं सांगितलें. त्याचाही पत्ता लागला नाहीं. १९२४ च्या सुमारास युरोपांतील पंडितांत यावरून मोठा वाद माजला. झुरिकचे फिस्टर यांनीं साधूंवर टीका केली, जर्मनीचे प्रोफेसर हायलर यांनीं त्यांची बाजू घेतली. साधूंना या वादानें दुःख झालें, पण त्यांनीं फारसें उत्तर दिलें नाहीं. विरळ हवेंत, उपवासानें खंगलेल्या, एकट्या फिरणाऱ्या मनुष्याला जें दिसतें त्यांतील किती बाहेरचें व किती आंतलें, याचा निवाडा दूर बसून करणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. भोळेपणानें सगळें खरें मानणें आणि एका कथेवरून सगळा मनुष्यच खोटा ठरविणें, या दोन्ही गोष्टी सोप्या आहेत.

मध्यंतरीं त्यांची कीर्ति जगभर पसरली होती. १९१८ सालीं ते दक्षिण हिंदुस्थानांत व सिलोनांत फिरले. मग ब्रह्मदेश, मलाया, चीन व जपान. १९२० च्या आरंभीं मुंबईहून आगबोटीनें ते इंग्लंडास गेले, आणि तेथून अमेरिका व ऑस्ट्रेलिया पाहून परत आले. एके काळीं ज्यांनीं त्यांस घराबाहेर घातलें होतें, तेच वडील शेरसिंग आतां स्वतः ख्रिस्ती झाले होते, आणि विलायतेच्या भाड्याचे पैसे त्यांनींच दिले. १९२२ सालीं साधु पॅलेस्टाइन पाहून पुन्हां युरोपांत गेले. स्वित्झर्लंडांत, जर्मनींत, स्वीडनांत हजारों लोक त्यांचीं व्याख्यानें ऐकावयास जमत. या प्रवासांचें वर्णन इतरत्र पुष्कळ झालें आहे. परत आल्यावर या गर्दीचा त्यांस कंटाळा आला, असें त्यांच्या पुढील वागणुकीवरून दिसतें.

शेवटचीं वर्षें त्यांनीं सबाथूस काढलीं. चाळिशी अद्याप आली नव्हती, पण शरीर झिजलें होतें. हृदयाचा विकार जडला होता, पोटांत व्रण होता, आणि डोळ्यांची शक्ति कमी होत चालली होती. या काळांत त्यांनीं कांहीं लहान पुस्तकें लिहिलीं. तिबेट मात्र त्यांच्या मनांतून गेला नाहीं. १९२७ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशीं ते हृषीकेशाहून तिबेटी व्यापाऱ्यांबरोबर निघाले; पण सुमारें चाळीस मैल गेल्यावर पोटांतून रक्तस्राव होऊन ते कोसळले, आणि त्यांस मागें आणावें लागलें. मित्रांनीं पुष्कळ सांगितलें कीं आतां डोंगर पुरे झाले. त्यांचें म्हणणें बरोबर होतें, असें आज आपण घरीं बसून सहज म्हणूं शकतों.

१८ एप्रिल १९२९ रोजीं ते सबाथूहून पुन्हां निघाले. जाण्यापूर्वीं त्यांनीं मित्रांस पत्रें लिहिलीं, आणि जूनच्या अखेरीस परत येण्याचा बेत कळविला. वाट पूर्वींची सतलजची नव्हती. हृषीकेशाहून गंगेच्या व अलकनंदेच्या कांठानें बद्रीनाथाच्या यात्रेचा मार्ग जातो. त्यानें जोशीमठापर्यंत जावयाचें, आणि तेथून नीती खिंडीच्या बाजूनें तिबेटांत उतरावयाचें, असा विचार होता. नीती खिंड सुमारें १६,६०० फूट उंच आहे. पंढरीची वारी चालणाऱ्यांस यात्रेची वाट म्हणजे काय हें सांगावयास नको. मुक्काम, धर्मशाळा, सोबतीला माणसें, सारें तसेंच. पण जोशीमठानंतर यात्रा डावीकडे बद्रीनाथास वळते, आणि उजवीकडे धौलीगंगेच्या कांठानें नीतीकडे जाणारी वाट ओस पडत जाते. त्या खोऱ्यांतील भोटिया लोक थंडीभर खालच्या गांवांत राहतात आणि उन्हाळा चांगला लागल्यावर मेंढ्याबकऱ्यांसह वरच्या गांवांत परततात. त्या काळीं त्यांचा तिबेटाशीं मीठ, लोकर व धान्याचा व्यापार चाले. हे लोक जूनपूर्वीं सहसा खिंड चढत नसत. ज्यांचें पोट त्या खिंडीवर अवलंबून होतें, त्यांनींही तिच्यापुढें कधीं घाई केली नाहीं.

आतां हिशेब करून पाहावा. एप्रिलच्या मध्यानंतर निघालेला माणूस पायीं जातां जातां मे महिन्यांत वरच्या खोऱ्यांत पोंचतो. तो काळ म्हणजे थंडीभर साठलेला बर्फ उन्हानें भिजून ओहोळांतून खालीं येण्याचा. वाट नदीच्या कांठानें, दोन्ही बाजूंस उभे डोंगर, आणि प्रत्येक घळीच्या तोंडाशीं जुन्या लोटाचा ढीग पडलेला. दुपारीं घळींतून नवा लोट येण्याचें भय. ढिगावरून जावें तर खालीं पाण्यानें पोकळी पडलेली असते व पाऊल आंत जातें. निरोगी मनुष्यानें जलद पावलें टाकून जेथून निसटावें, तेथें हृदयाच्या रोग्याला दम खावयास थांबावें लागतें. जूनअखेर परत यावयाचें म्हटल्यास, खिंड उघडण्याची वाट पाहत बसण्यास त्यांजपाशीं दिवसही फारसे नव्हते. साधूंस बर्फाची माहिती नव्हती असें नाहीं. वीस वर्षें त्यांनीं तोच अभ्यास केला होता. तरी ते गेले. यास श्रद्धा म्हणावें कीं अविचार, यावर तेव्हांही त्यांच्या मित्रांत मतभेद होते. मृत्यूची त्यांस भीति नव्हती हें निश्चित. पण भीति नसणें निराळें आणि धोका नसणें निराळें, एवढें लिहिण्यास हरकत नसावी.

जून संपला, जुलै लागला, पत्र आलें नाहीं. खरड येथील न्यूझीलंड मिशनचे रेव्ह. रिडल हे साधूंचे जिवलग स्नेही. ते एका सोबत्यासह शोधास निघाले व यात्रेच्या वाटेनें थेट सरहद्दीच्या डोंगरांपर्यंत गेले. वाटेवर विचारलें, व्यापाऱ्यांस विचारलें; भगव्या वस्त्रांतला तो उंच साधु पाहिल्याचें खात्रीनें सांगणारा कोणी भेटला नाहीं. भगवीं वस्त्रें नेसून त्या वाटेनें हजारों लोक जातात, हेंही एक कारण असावें. त्या काळीं यात्रेच्या मार्गावर पटकीची सांथही वरचेवर येई, आणि अनोळखी यात्रेकरू मेला तर त्याची नोंद कोठेंच होत नसे. पटकी, हृदयाचा झटका, कड्यावरून घसरलेला पाय, नदी, हिमलोट. यांपैकीं कशानें त्यांस गांठलें हें ठरविण्यास कसलाही पुरावा नाहीं. लामांनीं मारल्याचाही नाहीं. पुरावा नसतां एका परक्या लोकांवर खुनाचा आरोप पिढ्यान्‌पिढ्या सांगत राहणें, आणि ज्या डोंगरानें दरवर्षीं माणसें घेतलीं त्याचें नांवही न काढणें, हें मात्र न्यायाचें दिसत नाहीं.

त्या खोऱ्याचा स्वभाव बदललेला नाहीं. ७ फेब्रुवारी २०२१ रोजीं जोशीमठाजवळ ऋषीगंगेच्या माथ्यावरून खडक व बर्फ यांचा प्रचंड कडा तुटून पूर आला, आणि नीतीच्या वाटेवरील रैणी व तपोवन या भागांत दोनशेंच्या आसपास माणसें गेलीं. त्याच वर्षीं, साधूंच्या निघण्याच्याच दिवसांत, २३ एप्रिलला, मलारीच्या पुढें सुमना येथें रस्त्याचें काम करणाऱ्यांच्या छावणीवर हिमलोट आला. आधीं कित्येक दिवस तेथें पाऊस व बर्फ एकसारखा पडत होता. लष्करानें तीनशेंहून अधिक माणसें सोडविलीं. दहांहून अधिक मेलीं. बद्रीनाथाच्या पलीकडील माणा गांवाजवळ २८ फेब्रुवारी २०२५ रोजीं पहाटे असाच लोट येऊन ५४ मजूर गाडले गेले. त्यांतील ४६ वांचले व ८ मेले. ते लोखंडी खोल्यांत निजले होते, म्हणून इतके तरी वांचले. उघड्यावर गाडला गेलेला मनुष्य पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर बहुधा जगतो. अर्धा तास गेला कीं बहुधा जगत नाहीं, कारण थांबलेला बर्फ चुन्याच्या गिलाव्यासारखा आंवळून बसतो व आंतल्या माणसाला बोटही हलवितां येत नाहीं. म्हणून त्या डोंगरांत एकट्यानें जाऊं नये असें म्हणतात.

रिडल साहेब रिकाम्या हातानें परतले. चार वर्षें वाट पाहिल्यावर १९३३ सालीं सरकारनें सुंदरसिंग मरण पावले असें गृहीत धरिलें, आणि त्यांच्या मृत्युपत्राची व्यवस्था झाली. मृत्यूची तारीख आणि ठिकाण या दोन जागा कोऱ्याच राहिल्या.